उष्टं नाव

वेल्डर होता तो. प्रयोगशाळेत त्याचं काम एकच: पोलादी नळ्यांना असा सांधा घालायचा की मुंगीच्या श्वासाएवढी हवासुद्धा आत शिरू नये. त्या नळ्यांतून म्हणे अणू धावायचे, पातळ पत्र्यावर आपटायचे, आणि आपटून आपटून एखादी जोडी जमली तर नवं जड मूलद्रव्य जन्मायचं. जन्मलं की पापणी लवायच्या आत गेलंच. एवढ्याशा जिवाच्या नावासाठी जगभर खल! पण रीतच तशी. शोधणाऱ्यांनी नाव सुचवायचं, गावाचंही चालतं. मात्र बाहेरच्या जाणत्यांनी शोध खरा म्हटल्यावरच.

वेल्डरचं गाव धरणात गेलेलं. नकाशावरून पुसलेलं. जेवणाच्या सुट्टीत तो गावाबद्दल इतकं बोलायचा की प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई एकदा म्हणाल्या, "मामा, सापडलं की तुमच्याच गावाचं नाव देऊ."

आणि एक दिवस यंत्रावर खूण उमटली. बाईंना कुठला धीर! तपासणीची वाट न पाहता त्यांनी नाव सांगून टाकलं. पेपरात छापून आलं. वेल्डर ते बायकोला पुन्हा पुन्हा वाचून दाखवी.

"पुरे हो. बाजारात तुरी..." ती म्हणाली. पण डोळे पदरानं पुसतच.

तपासणीत खूण खोटी निघाली. पत्र्यात शिशाचा अंश होता, त्यानंच सगळ्यांना चकवलं. शोध मागे घेतला, नावही मागे घेतलं. वेल्डर मुकाट कामाला लागला. नाव कुठं पळून जातंय, ठेवलंय राखून, असं त्याच्या मनात.

काही वर्षांनी दुसरंच एक नवं मूलद्रव्य खरोखर सापडलं. बाहेरच्यांनीही मान डोलावली. वेल्डर इस्त्रीचा सदरा चढवून, बायकोला घेऊन बाईंच्या खोलीत गेला.

"बाई, आता द्या नाव."

बाईंनी चष्मा काढला. "मामा, नाही देता येणार."

"का? या खेपेला खरं आहे ना?"

"खरं आहे. पण एकदा दिलेलं नि मागे घेतलेलं नाव दुसऱ्या मूलद्रव्याला देत नाहीत. पुढं घोटाळा नको म्हणून. नियमच आहे तसा. घाई माझी झाली."

"म्हणजे उष्टं झालं?"

बाई हातातला चष्मा पुसू लागल्या.

"अहो, गेलेल्या आजाचं नाव नातवाला ठेवतात की माणसं!" बायको तडकली. "आणि इथं जे जन्मलंच नाही, ते नाव घेऊन गेलं?"

वेल्डर नुसता उभा. पाणी अंगणात शिरलं तेव्हाही तो असा थिजला नव्हता. तेव्हा उचलायला भांडीकुंडी तरी होती.

"दुसरं नाव तुम्हीच सुचवा, मामा," बाई चाचरत म्हणाल्या. "मी तेच पुढं पाठवीन."

त्यानं बाईंकडं पाहिलं, जणू त्या परक्या मुलखातलं काही बोलत होत्या.

"दुसरं कुठलं? मला गाव एकच होतं, बाई."

बायकोनं त्याचा दंड धरला आणि त्याला खुर्चीत बसवलं.