उस्तिन्याचं सरपण

कपितोलिना येगोरोव्हना माणसाच्या तोंडाकडे कधी बघायची नाही. आधी हात, मग खिसे, आणि माणूस पाठमोरा झाला की त्याची चाल. तोम्स्कच्या आगपेट्यांच्या कारखान्यात उभं आयुष्य तिनं फाटकावर काढलं होतं, बाहेर पडणाऱ्यांची झडती घेत. आत येणाऱ्याला तिथं कुणी विचारत नसे. बाहेर जाणारा मात्र चोर, निदान कोटाची बटणं उघडून दाखवीपर्यंत तरी.

हा संशय तिला कारखान्यानं दिला नव्हता. तो घरचाच होता. ती लहान असताना शेजारचा एक गृहस्थ रोज संध्याकाळी चहाला यायचा, साखरेचा खडा दातात धरून बशीतून फुरके मारायचा आणि तिच्या बापाच्या गोष्टींना खदखदून हसायचा. एका पानगळीत पोलीस बापाला घेऊन गेले. त्या गोष्टी कुणी कुठं पोचवल्या आणि कुणी लिहून घेतल्या, ते हिवाळ्यात कळलं. शेजारी त्यानंतरही यायचा. आई त्याला चहा द्यायची, कारण न देण्याची हिंमत नव्हती. कपितोलिना, घरच्यांची कापा, दाराआडून त्याच्या हातांकडे बघत राहायची. पुढं ती म्हातारी झाली, पण ते दार तिनं पुरतं उघडलंच नाही.

निवृत्तीनंतर तिला शाळेच्या संग्रहालयात खुर्ची मिळाली. झारच्या काळातली ती मुलींची शाळा; खिडक्यांभोवती लाकडी वेलबुट्टी, आत जुना वर्ग जसाच्या तसा मांडलेला. बाकं, दौती, नकाशा, आणि भिंतीशी काचेचं पुस्तकांचं कपाट. खुर्ची शेगडीला लागून होती. घरी सामायिक स्वयंपाकघरातल्या तीन बायकांची भांडणं आणि खिडकीच्या फटीतला वारा. इथं ऊब, शांतता, आणि नजर ठेवायला अख्खी खोली. याहून अधिक तिला आयुष्याकडून नको होतं. पण आदल्या वर्षी शेजारच्या दालनातून पितळी घंटा गेली आणि तिथल्या बाईची खुर्चीही गेली. संचालक ग्लेब रोदिओनोविच तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ज्या खोलीतून वस्तू जाईल, त्या खोलीतून माणूसही जाईल."

त्या हिवाळ्यात एक म्हातारा यायला लागला. वाळलेल्या काटकीसारखा, हात मोठाले, नदीवर ओंडके वाहून नेणाऱ्यांचे असतात तसे. आमच्याकडे संग्रहालयात शिरताना बुटांवर जाड लोकरी नमद्याच्या सपाता चढवाव्या लागतात, जमीन खराब होऊ नये म्हणून. दाराशी त्यांची पेटी असते. हा मात्र पेटीला हात लावायचा नाही. बाकावर बसून बूट काढायचा आणि कापडी पिशवीतून स्वतःच्या सपाता काढून घालायचा. शाळेतली पोरं अशीच पिशवी घेऊन येतात.

"बघितलंस?" कापा कोट सांभाळणाऱ्या रायसाला म्हणाली. "घरून सपाता आणतो!"

"मग? स्वच्छ माणूस आहे. तुझ्या पेटीतल्या सपातांत अख्ख्या सैबेरियाचा घाम आहे."

"पण पिशवी आत नेतो."

"सपातांची पिशवी काही पिशवीत धरत नाहीत गं. नियमच आहे तसा."

"तेच तर," कापा म्हणाली. "ज्याला नियमातली फट ठाऊक, त्याला अजून काय काय ठाऊक असेल!"

"कापा, तुला एक दिवस स्वतःच्या सावलीचीही झडती घ्यायला लागेल."

कापानं मनावर घेतलं नाही. तो गेला की ती दौती बघायची, लेखण्या बघायची, काचेच्या चौकटीतल्या नकाशाची दोरी ओढून बघायची. सगळं जागच्या जागी. तरीही मनात पाल चुकचुकत होती. आणि खोलीत आताशा एक वास यायचा, तळघरातल्या बटाट्यांचा.

एका सकाळी ती हंसाच्या पिसानं कपाट झटकत होती. त्या कपाटातली पुस्तकं खरी नव्हती. खरी कधीच गेली होती. संग्रहालयाच्या सुतारानं ठोकळे कापून, पाठीला रंग देऊन, सोनेरी रेघा ओढून ठेवले होते. कापा अधूनमधून त्यांच्यावरून बोट फिरवायची आणि ठोकळे टक् टक् बोलायचे. त्या दिवशी मधेच एकानं उत्तर दिलं, धप्. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही.

तिनं पीस तिथंच ठेवलं. ती तडक खाली रायसाकडे गेली.

"कपाटात कुणीतरी काहीतरी ठेवलंय."

"म्हणजे चोरलंय?"

"ठेवलंय म्हणते मी! ठोकळे गेले, त्या जागी भलतंच आहे. कागदाचं."

रायसाचा चेहरा उतरला. बंदी असलेले कागद माणसं कुठं कुठं दडवतात, याच्या गोष्टी सगळ्यांनीच ऐकल्या होत्या. "उघडून बघितलंस?"

"मी कशाला हात लावू? उद्या म्हणतील, कापाच्या कपाटातून कागद हलतात."

"मग वर जाऊन सांग."

"सांगेन. आधी हातात चोर हवा. नाहीतर खोली माझी आहे, चोरही मीच."

पुढच्या वेळी म्हातारा आला तेव्हा शाळेतल्या मुलांचा घोळका वर्गात शिरला होता. कापानं खुर्ची अशी फिरवली होती की नकाशाच्या काचेत कपाट दिसावं. मान छातीवर टाकून तिनं डोळे किलकिले केले. खुर्चीवर डुलक्या घेणारी म्हातारी आमच्याकडे कुणाला नवी नाही. मुलं बाकावर कुणी बसायचं यावरून भांडत होती. काचेत तिनं बघितलं. मोठाल्या हातांनी कपाटाचं दार अलगद उघडलं, पिशवीतून काहीतरी काढून आत सरकवलं, ठोकळा काढून पिशवीत टाकला, दार लावलं. आणि दार लावल्यावर एक हात क्षणभर काचेवर तसाच राहिला.

तिनं आरडाओरडा केला नाही. फाटकावरचा माणूस चोराला फाटकावरच धरतो. तो खाली बाकावर बूट घालायला बसला तेव्हा ती समोर उभी राहिली.

"पिशवी उघडा."

"सपाता आहेत बाई."

"मग सपाताच दाखवा."

त्यानं पिशवी उघडली. सपातांच्या मधोमध सोनेरी रेघांचा ठोकळा होता.

"शहराबाहेर पाऊल टाकलं की हजार कोस जंगल," कापा दबल्या आवाजात म्हणाली, "आणि तुम्हाला माझ्याच कपाटातलं लाकूड हवं?"

"चोरत नाही मी. बदलतो."

"कशाशी?"

"वर चला, दाखवतो. तुम्ही डोळे मिटून सगळं बघत होता, ते कळलं होतं मला. म्हटलं, कधीतरी सांगायचंच आहे."

मुलं गेली होती. त्यानं कपाटातून पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. कापानं ते आधी हुंगलं. बटाट्यांचा वास. मग पहिलं पान उघडलं. भूमितीचं पुस्तक, आणि पानावर त्याच शाळेचा जांभळा शिक्का.

"माझं नाव साव्वाती इल्यिच," तो म्हणाला. "माझी आई उस्तिन्या या शाळेत शेगड्या पेटवायची. ही शेगडीसुद्धा. मी सात-आठ वर्षांचा असताना हुकूम आला, जुनी पुस्तकं शेगडीत घाला. वरून माणूस यायचा, धुराडं बघायचा, धूर निघतोय ना, बस्स. आई घरून कोटाखाली सरपण आणायची. इथं सरपण जाळायची आणि पुस्तक कोटाखालून घरी न्यायची. त्या हिवाळ्यात आमच्या घरात चूल पेटली नाही म्हणा ना. मी आणि बहीण वासरांसारखे एकमेकांना चिकटून झोपायचो. पुस्तकं तळघरात, बटाट्यांखाली. आई या पानगळीत गेली. जाताना म्हणाली, माझी लाकडं गेली ती गेली, पुस्तकं ज्याची त्याला दे."

"मग वर जाऊन द्यायची! असं चोरासारखं कशाला?"

"दिली की विचारणार, कुठून आणली. सांगितलं की लिहून घेणार. काय लिहितील? सरकारी पुस्तकं उस्तिन्यानं पळवली. मेलेल्या आईला चोर म्हणून कागदावर चढवू?"

लिहून घेणं म्हणजे काय, ते कापाला कुणी शिकवायला नको होतं. पण तिचा संशय असा एका गोष्टीत विरघळणारा नव्हता. गोष्टी सांगणारे तिनं बघितले होते, ऐकणारेही.

"आणि ठोकळे?"

"घरी आहेत."

"जाळले असतील."

"नाही हो."

"प्रत्येकावर नंबर आहे. सोमवारी तपासणी आहे. एक जरी कमी भरला तरी ही खुर्ची गेली माझी."

"लाकडावर नंबर?"

"खरी पुस्तकं नव्हतीच, मग नंबर कशावर टाकायचे?"

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. ग्लेब रोदिओनोविच दारात उभे. "काय चाललंय, कपितोलिना येगोरोव्हना?"

पुस्तक तिच्या शालीखाली होतं. कधी गेलं ते तिचं तिलाच कळलं नाही. एक शब्द बोलली की खुर्ची वाचत होती. चोर समोर, ठोकळा त्याच्या पिशवीत. आयुष्यभर तिनं हेच केलं होतं, आणि यात कधी चुकली नव्हती.

"पाहुण्यांच्या सपातेचा बंद तुटलाय," ती म्हणाली. "सुई-दोरा शोधते."

संचालक गेले. कापानं दार लोटून घेतलं. "आता ऐका. रविवारपर्यंत सगळे ठोकळे परत हवेत."

"आणतो."

"सगळेच आणतो म्हणतात."

तिनं कुणाला शब्दावर फाटकाबाहेर सोडलं, ते आयुष्यात पहिल्यांदा. तो बर्फातून निघून गेला. कापा खिडकीतून त्याची चाल बघत राहिली, आणि चालीवरून तिला काही म्हणजे काही कळलं नाही.

शुक्रवारी तो आला नाही. शनिवारीही नाही.

"पत्ता तरी घेतलास?" रायसानं विचारलं.

"नाही."

"तू? पत्ता न घेता? मग गेली बाई तुझी खुर्ची. हसत हसत फसवणारा होता तर."

"हसत नव्हता तो," कापा म्हणाली. तेवढाच एक आधार तिच्यापाशी होता.

रविवारी दार लावायच्या वेळेला साव्वाती इल्यिच आला आणि रायसाचा आ वासला. काटकीसारखा माणूस एकाएकी पिंपाएवढा जाड झाला होता. कोट काढायला तयार नव्हता. चालताना आतून टक् टक् वाजत होतं.

"कोट असू द्या आजोबा," रायसा मोठ्यानं म्हणाली, "वरची शेगडी आज रुसलीय."

वर त्यानं बटणं उघडली. ठोकळे कंबरेभोवती, छातीभोवती दोरीनं बांधलेले. आईनं त्याला हेच शिकवलं होतं. कापानं एकेक ठोकळा उलटून नंबर बघितला, मगच ठेवू दिला. लाकडाची रांग मागं, खऱ्या पुस्तकांची पुढं.

सोमवारी तपासनीस बाई आल्या. त्यांनी मागच्या रांगेत हात घालून ठोकळे काढले, नंबर जुळवले, परत ठेवले. मग पेन्सिल पुढच्या रांगेवर आपटली. "आणि ही?"

ग्लेब रोदिओनोविचनी एक पुस्तक काढलं, चष्मा चढवला, शिक्का बघितला. मग कापाकडे बघितलं. कापा त्यांच्या हातांकडे बघत होती. अंगठा शिक्क्यावरून हळूच फिरत होता.

"यात कमी काही आहे का?" त्यांनी तपासनीस बाईंना विचारलं.

"कमी नाही. जास्त आहे."

"जास्त हरवत नाही. पुढच्या खोलीत चला."

तोम नदीवरचा बर्फ फुटेपर्यंत साव्वाती इल्यिच येत राहिला. कापा दर वेळी दारातच अडवायची, आता आत येतानाही आणि जातानाही. "पिशवी उघडा." तो निमूटपणे उघडायचा. पुस्तक ती आधी हुंगायची, शिक्का बघायची, मगच जाऊ द्यायची. बटाट्यांचा वास आला नाही तर घ्यायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

शेवटी एकदा पिशवीत नुसत्या सपाता निघाल्या.

"संपली?"

"संपली." त्यानं सपाता घातल्या, वर जाऊन शेगडीला पाठ लावून घटकाभर बसला. जाताना पिशवी तेवढी घडी करून खिशात घातली. सपाता बाकाखाली तशाच राहिल्या.

"विसरलात," कापा म्हणाली.

"नाही विसरलो. पुन्हा यायचंय मला."

आमच्याकडे ज्याच्या सपाता घरात राहतात, तो पाहुणा उरत नाही. कापानं त्या पेटीत टाकल्या नाहीत. वर नेऊन आपल्या खुर्चीखाली ठेवल्या. मात्र रोज सकाळी दालन उघडलं की आधी त्या उचलायची, उलट्या करून झटकायची, आत बोटं घालून टोकापर्यंत चाचपायची, आणि मगच कपाटाकडे वळायची.