समेटानंतरचा पाहुणा

समेट झाला की भांडण मिटतं, असं मी मुलांना नागरिकशास्त्रात शिकवते. लोकन्यायालयावर हमखास दोन गुणांचा प्रश्न येतो. अलीकडे तो धडा आला की माझा खडू फळ्यावर जरा जास्तच करकरतो.

आमच्या ह्यांनी कर्ज काढलं ते कुलरच्या दुकानासाठी. कुलर विकायला शहाण्या माणसानं घाटाखाली जावं, मलकापूरकडे, जिथं मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं. ह्यांनी दुकान टाकलं घाटावर, आमच्या धाड गावात. इथले लोक उन्हाळ्यात अंगणात खाट टाकली की झालं म्हणणारे. मी तेव्हाच विचारलं होतं, "अहो, घेणार कोण?" तर म्हणाले, "तुले समजत नाही. हवा बदलून राह्यली." हवा बदलली, यात वाद नाही. त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये असा अवकाळी झाला की पहाटे लोक गोधड्या ओढून झोपले. दुकानाचं भाडं थकलं, तसे उरलेले कुलर घरी आले. एकात मी कांदे भरले, एकात गोधड्या.

कर्जाला तारण म्हणून आमचं दोन खोल्यांचं घर लिहून दिलेलं होतं. हप्ते थकले, कर्ज देणाऱ्या कंपनीनं नोटिसा धाडल्या आणि शेवटी प्रकरण बुलढाण्याच्या लोकन्यायालयात गेलं. तिथं सगळे इतके गोड बोलत होते की कुणाचं लग्न ठरतंय असं वाटावं. कंपनीनं व्याज सोडलं. मुद्दल बारा हप्त्यांत, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत, कंपनीच्या बुलढाण्यातल्या काउंटरवर रोख भरायचं. एक जरी हप्ता चुकला, तर समेट रद्द आणि घर कंपनीचं. समोर बसलेल्या न्यायाधीश साहेबांनी ह्यांना विचारलं, "मंजूर आहे?" हे म्हणाले, "हाव." लग्नाला सतरा वर्षं झाली, पण कुठल्या प्रश्नाला ह्यांनी एका शब्दात उत्तर दिल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

मी तो तडजोडनामा पर्समध्ये ठेवला आणि बसमध्ये सुखानं झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फोन.

"मैडम, पेमेंट कब करेंगे?"

मी सांगितलं, लोकन्यायालयात समेट झाला. पलीकडची बाई म्हणाली, "वो क्या होता है?" मी तिला दोन गुणांचं उत्तर पाच मिनिटं दिलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तो पेमेंट कब करेंगे?" त्यानंतर रोज नऊ वाजता नवा आवाज आणि तोच प्रश्न. कर्जाच्या फॉर्मवर ह्यांनी ओळखीचा माणूस म्हणून आमच्या मुख्याध्यापकांचा नंबर दिलेला, मला न विचारता. तेव्हा नऊचा फोन त्यांनाही जाऊ लागला. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं, दार लावून घेतलं आणि सगळ्या स्टाफला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात माझी चौकशी केली.

फोन परवडला, पण दर महिन्याच्या सात तारखेला वसुलीचा माणूस यायचा. तिशीतला, धामणगाव बढेकडचा, पाठीला बॅग, मोटारसायकल थेट आमच्या ओट्याला लावायचा. मी पहिल्याच महिन्यात त्याला पाच तारखेची पावती दाखवली.

"पैसे भरले आहेत. आता कशाला आलात?"

"आमच्या सिस्टीममध्ये अजून थकीतच दिसते, मॅडम. मले व्हिजिट करा लागते. घराचा अन् माणसाचा फोटो टाकला का माही हजेरी लागते."

"मग घ्या, पावतीचाही टाका!" म्हणून मी ती पावती त्याच्या मोबाईलपुढे अशी धरली की त्याला घर दिसू नये. त्यानं खटकन फोटो काढला आणि गेला. पुढच्या सात तारखेला पुन्हा हजर. पुन्हा मी दारात, पुन्हा पावती त्याच्या नाकापुढे. त्यानं बारा महिन्यांत एकही खाडा केला नाही. माझ्या वर्गात अशी हजेरी कुणाची नाही. आमच्याकडे दारात आलेल्या वैऱ्यालाही पाणी विचारतात. मी मात्र त्याला बारा महिन्यांत घोटभर पाणी दिलं नाही आणि त्याचा मला अभिमान होता.

राग आला की माझी शाळेची मराठी गळून पडते. "काऊन येता बाप्पा दर महिन्याले? लाज नाही वाटत?" असं मी ओरडले की गल्लीतल्या बायका भाजी निवडायला ओट्यावर येऊन बसायच्या. भाजी निवडायला उजेड लागतो, असं त्यांचं म्हणणं.

आणि आमचे हे? ज्यांच्या नावावर कर्ज, ते कर्तबगार पुरुष सात तारखेला सकाळी दाढी करायचे, आकाशी रंगाचा ठेवणीतला इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि मोटारसायकलचा आवाज आला की घरात गडप व्हायचे. एरवी बाह्या फाटलेल्या बनियनवर दिवस काढणारा माणूस. मी एकदा विचारलंही, "काय नवरदेव, वसुलीवाला तुम्हाला बघायला येतो का?" घर वाचवायला दारात मी, आणि हे आत नटून बसलेले, एवढंच मला दिसत होतं. मनातून मी ह्यांना भित्रा म्हणून मोकळी झाले होते.

बारावा हप्ता भरला. सात तारखेला त्या माणसाला बारावी पावती दाखवली, "आता तोंड दाखवू नका" असंही सांगितलं, आणि घरी खीर केली. आठवडा गेला नाही तोच पत्र आलं. आमचं कर्ज दुसऱ्याच एका कंपनीनं विकत घेतलं होतं. ह्यांचे कुलर कुणी विकत घेतले नाहीत, पण कर्जाला बरोबर गिऱ्हाईक मिळालं. नव्या कंपनीचं म्हणणं, जुन्या कंपनीकडून हप्त्यांची नोंद आलेली नाही. पंधरा दिवसांत बाराही पावत्या दाखवा, नाहीतर समेट मोडला असं धरून घराचा ताबा घेऊ.

मी हसले. मला पावत्या मागता? मी बाई आहे फाइलवाली. माझ्याकडे माझ्या पाचवीच्या गुणपत्रिकेपासून सगळं आहे. पावत्या काढल्या. यंत्रातून निघतात तसल्या गुळगुळीत कागदाच्या चिठ्ठ्या होत्या त्या. सुरुवातीच्या दोन-तीन फिक्या पडायला लागल्या होत्या. तेव्हा मी ठरवलं, बाराच्या बारा लॅमिनेट करून टाकायच्या, म्हणजे कायमचा प्रश्न मिटेल.

बाजाराचा दिवस होता. झेरॉक्सवाले चाचा आमच्या शाळेची सगळी कामं करतात. त्यांनी चिठ्ठी बोटात धरून पाहिली.

"मॅडम, हा कागद मशीनले चालत नाही. पयले झेरॉक्स काढून घ्या."

मला वाटलं, चाचा धंदा करतायत. झेरॉक्सचेही पैसे, लॅमिनेशनचेही. "चाचा, मी वीस वर्षं मास्तरकी करते. सांगितलं तेवढं करा." मागं रांग होती. चाचांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बाराही चिठ्ठ्या एका मोठ्या प्लास्टिकमध्ये मांडून मशीनमध्ये सारल्या.

बाहेर आल्या त्या काळ्याकुट्ट. तव्यावर विसरलेली पोळी बरी. तो कागद उष्णतेनंच छापला जातो म्हणे, त्यामुळे मशीनच्या उष्णतेनं सगळाच काळा होतो. चाचांनी पैसे घेतले नाहीत. ते त्यांनी घेतले असते तर बरं वाटलं असतं.

घरापर्यंत कशी आले ते मला आठवत नाही. ज्या ओट्यावर उभी राहून मी वर्षभर ओरडले, त्याच ओट्यावर मटकन बसले आणि ह्यांच्यापुढे ते प्लास्टिक टाकलं. आता हे बोलतील, सतरा वर्षांचं उट्टं काढतील, याची मी वाट पाहत होते. माझ्या तोंडाळपणानं माझं घर हातचं चाललं होतं.

ह्यांनी प्लास्टिक उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "त्या सात तारखेवाल्याले फोन लाव. त्याच्या मोबाईलमध्ये असतीन. तू दरवेळी पावती पुढे धरत होती नं? तारखेची बाजू त्याच्याकडेच राहे."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर आत होतात."

ह्यांनी माझा मोबाईल आणून माझ्या हातात दिला.

ज्या माणसाला मी वर्षभर शिव्या घातल्या, त्याला, तो येण्याआधी फोन करायचा त्या नंबरवर, आयुष्यात पहिल्यांदा मी आपणहून फोन लावला. "भाऊ, एकदा घरी येता का?" असं विचारलं. तो संध्याकाळी आला. मी पाणी दिलं, मग चहा ठेवला. त्यानं अख्खा तांब्या रिकामा केला.

"आमची एजन्सीच गेली, मॅडम. कंपनीनं कर्जाचे खाते विकले, तशी माही नोकरी बी गेली. मोबाईल भरला होता, फोटो डिलीट करून राह्यलो होतो. तुमचे ठेवले."

"का?"

"एवढं कोणी बोललं नव्हतं मले," तो म्हणाला, आणि हसला. मला हसता आलं नाही. त्याला पाणी देऊन, नीट बोलले असते, तर मी पावती अशी नाकापुढे धरली नसती आणि ती फोटोतही आली नसती, हेही खरंच. पण ते मी स्वतःच्या समाधानासाठी म्हणते.

बाराही फोटो होते. प्रत्येकात माझा हात, हातात पावती, तिच्यावरची तारीख, रक्कम आणि नंबर वाचता येईल इतका जवळून. पावतीच्या वरून माझं उघडं तोंड. लोकन्यायालयात साहेबांपुढे मी जी शालीन बाई बसले होते, तिचा इथं पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी चाचांकडे मोठे रंगीत प्रिंट काढले. यावेळी चाचा म्हणतील ते सगळं ऐकलं. समेटाच्या कागदासोबत ते प्रिंट बुलढाण्याला विधी सेवेच्या कार्यालयात दिले, तिथून कंपनीला पत्र गेलं आणि दीड महिन्यानं कर्ज फिटल्याचा दाखला आला. नऊचा फोन अजून अधूनमधून येतो. पलीकडच्या आवाजाला दाखल्याचंही माहीत नाही.

पण प्रिंट काढताना चाचांनी एका कागदावर बोट ठेवलं होतं. "मॅडम, पिछे साहेब उभे आहेत. सगळ्याच फोटोत."

मी पाहिलं. माझ्या खांद्यामागं, दाराच्या आतल्या अंधारात, आकाशी शर्ट. एका फोटोत चौकटीला हात, दुसऱ्यात खाली घातलेली मान, एकात पायात चपला, घरात. बाराही वेळा.

घरी आल्यावर ह्यांना विचारलं. हे कुलरमधले कांदे निवडत होते. वर न बघता म्हणाले, "कर्ज माह्या नावावर होतं. मले वाटे, आज नेतीन आपल्याले. मंग गावातून जातानी मळका शर्ट कायले?"

"अहो, कर्जासाठी असं कुणी कुणाला उचलून नेत नाही. मी दरवर्षी शिकवते हे."

"वर्गात शिकवत असशीन," हे म्हणाले. "मले कोणी सांगतलं?"

वर्षभर दर सहा तारखेला त्या शर्टाला इस्त्री मीच करत होते.