मोट मीच हाकणार

कोंडाजी येरवड्याच्या इस्पितळातून चिखलीला परतला, तेव्हा घरच्यांनी एक गोष्ट ठरवून ठेवली होती. कोणी विचारले तर सांगायचे, मुंबईला गिरणीत होता, मानवले नाही, परत आला.

ही गोष्ट तीन दिवसही टिकली नाही. तिसऱ्या दिवशी कोंडाजी दाढी करायला चिमाजी न्हाव्यासमोर बसला. चिमाजीने गालाला पाणी लावता लावता विचारले, "मग, काय म्हणती ममई?"

"ममई कुठली? येरवड्याला हुतो, येड्यांच्या इस्पितळात. आठ येळा डोक्याला ईज लावली, मंग बरा झालो."

चिमाजीचा वस्तरा हवेतच थांबला. विजेबद्दल गावाला एवढेच ठाऊक होते की, औषधांच्या नव्या कारखान्यासाठी पिंपरीच्या अंगाला खांब उभे राहिले आहेत, खांबांवर कवटीचे चित्र आहे आणि एक वानर तारेला शिवून कोळसा झाले आहे. चिमाजीने आधी वस्तऱ्याकडे पाहिले, मग कोंडाजीच्या ओल्या गालाकडे.

"लोखंड हाय हो हे, कोंडाजीराव."

"मंग?"

"आन तुमी ईज खाल्ल्याली."

कोंडाजीने त्याच्या हातातून वस्तरा काढून घेतला आणि आपली आपण दाढी करायला लागला. ओट्यावर बसलेले तिघे उठून वाटेला लागले. वेड्याच्या हातात वस्तरा, तोही वीज भरलेल्या वेड्याच्या! सांजेपर्यंत गावात पक्के झाले की कोंडाजीच्या अंगात अजून वीज आहे. शेजारणी त्याला ताक द्यायच्या ते उंबऱ्यावर ठेवून मागे सरायच्या.

दुखणे आले होते ते मागच्या दिवाळीनंतर. चांगला धट्टाकट्टा गडी, एक दिवस भिंतीकडे तोंड करून बसला तो उठेचना. बोलणे बंद, जेवण बंद. आपल्यामुळेच सगळ्यांचे वाईट होते, एवढेच कधीतरी पुटपुटायचा. लोक म्हणाले, ओढ्यावरचे झपाटले. देवऋषी आला. त्याने मिरच्यांची धुरी दिली, लिंबाच्या फोकाने पाठ फोडली आणि दोन कोंबडे नेले. कोंडाजी भिंतीशी तसाच. चार महिन्यांनी त्याची हाडे मोजता यायला लागली, तेव्हा गोजाबाईने, त्याच्या बायकोने, शाळेच्या मास्तरांकडून पत्ता घेतला आणि नवऱ्याला गाडीत घालून येरवड्याला नेले. "येड्यात घालतीस व्हय नवऱ्याला?" म्हणून सासू रडली. गोजाबाई म्हणाली, "मरणात घालण्यापरीस बरं."

तिथे सुखच होते असे कोंडाजी कधी म्हणाला नाही. चौघे धरायचे, दातांत रबर द्यायचे, मग काहीच कळायचे नाही. जाग यायची ती डोके ठणकतच. कितीतरी गोष्टी पुसून गेल्या होत्या. एकदा तर बायकोचे नावही तासभर आठवेना. पण पाचव्या खेपेनंतर एका सकाळी त्याला भूक लागली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. ती भूक तो विसरला नाही.

गावाने काय बोलायचे ते बोलावे, असे म्हणून त्याने सोडूनही दिले असते. पण चुलतभाऊ हिंदुराव येऊन बसला आणि गोष्ट विहिरीवर गेली.

विहीर दोघांची सामाईक. चार दिवस हिंदुरावाची पाळी, चार दिवस कोंडाजीची. कोंडाजीच्या आजारपणात आठही दिवस हिंदुरावाची मोट चालत होती, आणि त्या पाण्यावर त्याने अर्धा एकर ऊस जादा लावला होता.

"कोंडा, तू आता इसावा घे. पाळी माझ्याकडंच ऱ्हाऊ दे. तुमच्या खान्यापुरतं मी देतो की."

"मी मोट हाकतो. काल कांद्याची रोपं लावल्यात."

"आरं, येडं मानूस हिरीवर न्हेऊ ने म्हंत्यात. कवा उडी टाकंल, नेम हाय का? आन तुझ्या अंगात ती ईज. ओला नाडा, लोखंडाची मोट. बैलं मरतील माझी!"

"बैलं माझी हायती. आन दादा, कंदील इझवला का उजेड खोलीत ऱ्हातो व्हय? ईज आली तशी गेली. डागदरानं सांगितलंय."

"डागदराला काय, त्याला हितं ऱ्हायचंय का?"

हिंदुराव तडक पाटलांकडे, मारुतरावांकडे गेला. मारुतराव माणूस वाईट नव्हता, पण जबाबदारीला भ्यायचा. त्याने निरोप पाठवला, "वरीसभर दम धर. मग बघू." कोंडाजीला हिशेब कळत होता. वर्षभर हिंदुरावाचा ऊस त्या पाण्यावर उभा राहिला, की पाळी मागायला तोंड उरणार नाही. आणि वेडा म्हणून एकदा बाजूला बसला, की जन्मभर बाजूलाच बसणार.

"उद्या माझी पाळी हाय," त्याने निरोप आणणाऱ्याला सांगितले. "पाटलास्नी म्हनावं, बघायला या."

दिवस उगवला तेव्हा विहिरीवर निम्मा गाव जमला होता. काहींना वाटत होते ठिणग्या उडतील. हिंदुराव धावेच्या, बैलांच्या उतरत्या वाटेच्या, तोंडाशी आडवा उभा. गोजाबाई खोरे घेऊन पाटावर दारे धरायला, वाफ्यांत पाणी वळवायला गेली. कोंडाजीने तांब्या आणि मोऱ्या या आपल्या बैलांना जू घातले, मोटेचा जाड दोर, तो ओला नाडा, सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी घट्ट धरला. काही झाले नाही. मागून एक म्हातारी म्हणाली, "मेल्यांनो, मला उगं उठवून आनलं."

"सरक दादा," कोंडाजी म्हणाला. "बैल लाथ घालंल. त्यात ईज नसती, पर लागतं."

लोक हसले. हिंदुराव सरकला.

बैल मागे रेटत विहिरीच्या काठाशी आले, मोट खाली गेली, बुडाली, भरली. आता बैलांनी धावेने खाली ओढायचे. पण ही जोडी गाण्यावर चालणारी. वर्षानुवर्षे कोंडाजीने त्यांना मोटेचे गाणे म्हणूनच हाकले होते. त्याने तोंड उघडले. गाण्याचा एक शब्द आठवेना. चाल होती, शब्द पुसून गेले होते.

बैल उभे. भरली मोट अधांतरी लोंबकळत होती.

"बघा!" हिंदुराव ओरडला. "सोताचं गानं इसरला. ह्याच्या हातात हीर द्यायची?"

कोंडाजीचे कान तापले. "व्हय, इसरलो! इजेनं गेलं. गानं गेलं आन जीव ऱ्हायला." मग त्याने नाड्यावर बैठक मारली, मान वर केली आणि त्याच जुन्या चालीवर, पल्याडच्या शिवारात ऐकू जाईल अशा आवाजात, जे आठवत होते तेच म्हटले:

"येरवड्याच्या वाड्यात गाऽ, खाटा मांडल्या साठ,
एका खाटंवर कोंडाजी, समद्यांकडं पाठ!
डागदरानं लावली गाऽ, ईज कानाम्होर,
जेवाय मागू लागलं, भिताडाकडलं पोर!"

तांब्याने कान हलवले. जोडीने मान खाली घातली आणि चाल धरली. चाक कुरकुरले, मोट वर आली, थारोळ्यात, काठावरच्या कुंडीत, धो धो पाणी पडले.

"आरं गप!" हिंदुराव पुढे धावला. "घरान्याची अब्रू! देहूपातूर जातंय हे!"

"जाऊ दे की. तिकडं बी कुनी भिताडाकडं तोंड करून बसलं आसंल. त्येला कळू दे, इस्पितळ कुठं हाय ते."

दुसरी मोट खाली गेली. त्याने दुसरे कडवे जुळवले, त्यात धुरी, फोक आणि दोन कोंबडे आले. देवऋषी गर्दीतच होता. तो हळूच मागच्या मागे निघून गेला. पोरे तिसऱ्या मोटेला ओळी उचलून म्हणू लागली. मारुतराव बराच वेळ मिशीवर हात ठेवून उभा होता, हसू दाबत की काय कोण जाणे.

"मोट तर येवस्थित हाकतोय," तो शेवटी म्हणाला. "हिंदुराव, आता मी काय बोलू?"

 हिंदुराव आपल्या उसाकडे बघत होता. पाणी अजून त्याच्याच बाजूच्या पाटाने चालले होते. गोजाबाईने कोणाला विचारले नाही. तिने खोऱ्याने चिखल उचलला, हिंदुरावाच्या बाजूचे तोंड तीन थापांत बुजवले, आणि पाणी वळून कांद्याच्या वाफ्यात शिरले.