बाबांनी बंद केलेली कारंजी

परदेशातल्या एका राजवाड्याच्या बागेतून माझे वडील हाकलले जाता जाता वाचले, हे मी अजून नातेवाइकांना सांगितलेलं नाही. फोटो दाखवताना त्या बागेशी आले की मी पटकन पुढचा फोटो सरकवते. लपवण्यासारखं त्यात फारसं काही नाही. पण सांगायचं तर सगळंच सांगावं लागतं, आणि सुरुवात थेट आमच्या गल्लीपासून करावी लागते.

बाबा पाणी सोडायचे. आमच्या शहरात एवढं सांगितलं की पुरतं, बाहेरच्यांना मात्र उलगडून सांगावं लागतं. जायकवाडीचं पाणी टाकीत चढतं आणि तिथून गल्लीगल्लीला पाळीपाळीने सोडतात. रस्त्याच्या कोपऱ्यावर लोखंडी झाकण, झाकणाखाली व्हॉल्व्ह, आणि तो फिरवायला छातीला लागेल एवढी लांब चावी. ती चावी खांद्यावर टाकून बाबा आधी सायकलवर आणि पुढे लुनावर फिरायचे. शहर तेव्हा बीड बायपास ओलांडून, पैठण रोडने, करमाडच्या दिशेने असं मिळेल तिकडे पळत सुटलं होतं. दर वर्षी नव्या कॉलन्या उगवायच्या, पाऊस तेवढा उगवायचा नाही. आठवड्याने पाणी यायचं, तेही पाऊण तास. पाणी जसजसं आटत गेलं तसतसा बाबांचा मान वाढत गेला. लोक आधी पंचांगात मुहूर्त बघायचे आणि मग त्या तारखेला पाणी आहे का, ते बाबांना विचारायला यायचे. गुरुजींनी काढलेले निदान चार मुहूर्त बाबांनी फिरवले असतील. ज्यांची आडनावंही ठाऊक नाहीत अशांच्या लग्नात आम्ही पहिल्या पंगतीला जेवलो आहोत, आणि नवरदेवाच्या मामाच्या आधी बाबांना टोपी-उपरणं मिळालं आहे. मामा रुसले, पण बाबांवर नाही. त्यांच्याही कॉलनीत नळ होता.

या सगळ्या थाटात एक माणूस मात्र कोरडा राहिला, तो म्हणजे माझी आई. आमच्या घरापुढे तिने हातरुंदीची बाग केली होती. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता आणि पाचोडच्या माहेराहून आणलेलं डाळिंबाचं रोप. दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तिने बाबांकडे पाच मिनिटं जास्तीचं पाणी मागितलं. आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह फाटकापासून वीस पावलांवर होता. ती पाइप धरून फाटकात उभी होती, बाबा घड्याळ बघत कोपऱ्यावर उभे होते. पाऊण तास झाला आणि बाबांनी चावी फिरवली. पाइपातलं पाणी बारीक झालं आणि थांबलं. पुढच्या पाळीपर्यंत डाळिंब गेलं, त्यामागून बाकीचं.

आई भांडली नाही. भांडली असती तर आठ दिवसांत मिटलं असतं. ती फक्त अधूनमधून म्हणायची, "पाच मिन्टं." बाजारात डाळिंबं दिसली की, कुणाच्या डोक्यात गजरा दिसला की, टीव्हीवर नदी दिसली की. बाबा म्हणायचे, घरच्याला पाच दिली तर गल्लीच्या टोकाच्या घराला काय तोंड दाखवू? बाबांचं बरोबर होतं, आणि म्हणूनच त्यांचा राग यायचा. आईला झाडं परत नको होती. आपलं काही चुकलं, एवढं बाबांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. वीस वर्षं ती त्याची वाट बघत होती, आणि आम्हा मुलांना त्या दोघांच्या मधे बसून जेवावं लागत होतं.

मी वास्तुकला शिकवते. जुन्या इमारती आणि बागा बघत हिंडायचं मला वेड आहे. बाबा निवृत्त झाल्यावर मी त्या दोघांना बरोबर न्यायला लागले. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. दौलताबादला मी तटबंदीबद्दल घसा कोरडा करून सांगत होते आणि बाबा हत्ती हौदाच्या काठावर वाकून पाणी आत कुठून यायचं ते शोधत होते. आमच्याच शहरातल्या मकबऱ्यात त्या उन्हाळ्यात कारंजी कोरडी होती. माझे डोळे भरून आले. बाबा समाधानाने म्हणाले, "बंद हायेत. बरोबर हाय." जगातलं सगळं स्थापत्य त्यांच्या लेखी दोनच प्रकारचं होतं, पाणी चालू असलेलं आणि बंद असलेलं.

तरीही मी त्यांना स्पेनला नेलं. ती माझीच हौस. टेकडीवरचा जुना राजवाडा, त्याची बाग, बागेच्या मधोमध लांब पाट आणि दोन्ही बाजूंनी पाटावर कमान धरणाऱ्या पाण्याच्या धारा. दगडी जिन्याच्या कठड्यातूनसुद्धा पाणी खळखळत होतं. आई पाटाच्या कडेला बसली आणि तिने पाण्यात हात घातला. तिचा चेहरा इतका सैल झालेला मी कधीच पाहिला नव्हता. बाबा मात्र आल्यापासून घड्याळ बघत होते. कोण वापरतंय हे पाणी, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. कुणी नाही, बघायला आहे, असं मी सांगितलं. थोड्या वेळाने बघते तर ते जागेवर नव्हते.

मग कारंजी खाली यायला लागली. एकदम नाही, हळूहळू, सगळ्या धारा एकसारख्या. बाबांनी चाळीस वर्षांत एकही व्हॉल्व्ह झटक्याने बंद केला नव्हता, त्याने पाइप फुटतात. लोकांना वाटलं हा बागेचा कार्यक्रमच आहे. धारा पाण्याला टेकल्या तशा टाळ्या पडल्या. एका बाईने तर "पुन्हा" अशी खूण केली. आईने पाण्यातून हात काढला, निथळू दिला आणि मागे वळूनही न बघता मला म्हणाली, "जा, तुझ्या बापाला बघ."

बाबा सरूच्या कुंपणामागे सापडले. तिथलं लोखंडी झाकण कामासाठी उघडलेलं होतं, आत चाक होतं आणि चाकावर बाबांचा हात. बागेतली सुरक्षारक्षक बाई स्पॅनिशमध्ये तावातावाने बोलत होती आणि बाबा तिला शांतपणे आमच्या शहागंज बाजारातल्या हिंदीत समजावत होते, "पौन घंटा हो गया बाई, टैम खतम." मी माफी मागत होते, तेही कुठल्या भाषेत ते आठवत नाही. तिने बाहेरच्या फाटकाकडे बोट दाखवलं. मला रडू यायचं बाकी होतं. दूरच्या प्रवासाला आईला पहिल्यांदा आणलं आणि बाबांनी तिचं पाणी इथेही तोडलं.

तेवढ्यात बागेचा म्हातारा माळी आला. झाकण त्यानेच उघडं ठेवलं होतं, म्हणून त्याचाही चेहरा उतरलेला होता. त्याने खाली वाकून पाइपावर तळवा ठेवला, चाक तपासलं आणि बाबांकडे बघितलं. कुठे काही हादरलं नव्हतं, गळलं नव्हतं. हा माणूस आपल्यातला आहे हे त्याला कळलं असावं. तो त्या बाईला काहीतरी म्हणाला, ती खांदे उडवून निघून गेली. मग त्याने हाताने चाक उघडायची खूण केली आणि स्वतः बाजूला झाला.

आई तोवर माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. बाबांनी दोन्ही हातांनी चाक धरलं, थोडं फिरवलं, पलीकडे धारा वर चढायला लागल्या. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. बाबांचा डावा हात घड्याळाकडे वळला, आणि अर्ध्यात थांबला. त्यांनी मान वर करून आईकडे बघितलं.

"किती येळ ठिवू?" त्यांनी विचारलं.

आईने ओला हात पदराला पुसला. माळी एकदा तिच्याकडे, एकदा बाबांकडे बघत होता.

"हे तवा इचारायचं व्हतं," ती म्हणाली. "मी म्हणले असते, करा बंद."