पाणी की जोल?

मित्रांनो, डोकं पार चक्रावलंय, म्हणून इथे लिहितेय.

आज सकाळी आमच्या खराडीच्या सोसायटीच्या गेटवर सेक्रेटरी काकांनी माझ्यासमोरच माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या सबीनाताईंना अडवलं. "बंगाली ना? पाण्याला काय म्हणता?"

"पानी," ताई म्हणाल्या.

काका माझ्याकडे वळले. "बघ! आपल्याकडचे बंगाली 'जोल' म्हणतात. 'पानी' बांगलादेशात म्हणतात. ही बाई बॉर्डरपलीकडची."

ताईंनी पश्चिम बंगालचं आधार कार्ड काढलं. "हमारे गाँव में सब पानी ही बोलते हैं, दीदी."

"आधार काय, कुणीही काढतं," काका म्हणाले.

"अहो काका, पाणी तर आपणही म्हणतो!"

"आपण मराठीत म्हणतो. एवढी खात्री असेल तर तू घे हमी. नाहीतर उद्यापासून यांना एंट्री बंद."

ताई माझ्याकडे बघत राहिल्या, आणि माझ्या तोंडून 'हो' निघेना. वर्षभर त्यांच्या हातच्या पोळ्या खातेय, पण त्या कुठून आल्या हे मला खरंच माहीत नाही. बेकायदा येणाऱ्यांना थांबवायला हवं, हे मलाही पटतं. पण असं, एका शब्दावरून?

ताई आधार कार्ड पिशवीत ठेवून परत गेल्या.

तुम्ही 'हो' म्हटलं असतं का? आणि कशाच्या जोरावर?