सोन्याचा डाग

ताईसाहेबांच्या बोटांवर कधी डाग पडत नसे. सावली गावच्या कारखान्यात जुन्या दागिन्यांतलं सोनं शुद्ध करतात, तिथं आम्ही दोघी केमिस्ट. हातमोजे घालूनही नायट्रिक आम्लानं माझी बोटं पिवळी ती पिवळीच. माझ्या लग्नात आत्या म्हणाली होती, "हिला काय हळद लावायची? लागलेलीच आहे." ताईसाहेब मात्र दिवसभर तेच आम्ल हाताळून पूजेला बसावं इतक्या स्वच्छ.

'ताईसाहेब' हे नाव मीच ठेवलेलं. तिचे वडील प्राध्यापक, आजोबा संस्थानी अमलातले पदवीधर. आमच्याकडे पणजोबांपासून सगळे शिपाईगडी. कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. मी पदवी मिळवली. तिच्या घरात पदवी देव्हाऱ्यासारखी आधीपासूनच होती.

अम्लराज, म्हणजे सोन्यालाही विरघळवणारं दोन आम्लांचं मिश्रण, ती दरवेळी ताजं करायची आणि त्याच्याशी बोलायची, "घाई नको, राजा." मी ओतलं की उसळी यायची, तांबडा धूर व्हायचा. तिच्यापुढे सोनं निमूट विरघळायचं. "सरस, बेन!" आमचे गुजराती शेठ म्हणायचे. ती बेन मी कधीच नसे.

प्रमुखाची खुर्चीही तिलाच मिळाली. मला ती हवी होती. बाबांनी तर आमच्या निजामपुऱ्यात, मलाच मिळणार म्हणून, आधीच सांगून ठेवलं होतं.

वर्षभरानं ती नवऱ्याकडे कॅनडाला निघाली. शेवटच्या आठवड्यात विरघळलेल्या सोन्याचा थेंब तिच्या अंगठ्यावर उडाला. अख्खी लॅब पाणी घेऊन धावली. माझ्या बोटांवर कुणी फुंकरही घातली नव्हती! संध्याकाळी डाग जांभळा झाला. आम्लाचा पिवळा पडतो, सोन्याचा जांभळा. बाईंना एक डाग पडला, तोही सोन्याचा.

"बघ, झाले की नाही तुझ्यासारखी?"

"अजून नऊ बोटं राहिलीत," मी म्हटलं. ती इतकी हसली की मलाही हसू आलं. तिच्यावर धड जळताही येत नसे.

खुर्ची मला मिळाली. बाबांनी पेढे वाटले. पेढा तोंडात टाकत शेठ सहज बोलून गेले, "जाताना सांगून गेली, हिलाच बसवा." म्हणजे खुर्चीही तिनंच दिलेली.

परवा तिच्या अंगठ्याचा फोटो आला. कोरा. खाली लिहिलं होतं, "गेला गं माझा डाग. करमत नाही."

"माझे आहेत," मी कळवलं. "दहाच्या दहा."