चुकार

मामीच्या घाण्यासमोरच्या करंजाला सगळी गल्ली ‘चुकार’ म्हणते. नव्या माणसाला वाटतं, याला शेंगा धरत नसतील. धरतात की, अंगण भरून पडतात. नाव पडलं ते वेगळ्याच कारणाने.

मामी लग्न होऊन आली तेव्हा घाणा झाडताना तिच्या हातून मोरीपाशी एक बी राहून गेली. पुढे तिला कोंब फुटला. मामा म्हणाले, “बाकीच्यांचं तेल निघालं, हा एक चुकार तेवढा निसटला. अगदी तुझ्यावर गेलाय.” मामी फणकारली, पण कोंबाभोवती विटा तिनेच रचल्या.

मामी आणि कामचुकार? मामांच्या माघारी घाणा तिनेच चालवला. करंजाचं तेल कडू आणि उग्र, लाकडाला नाहीतर खरजेला लावायचं. बी फोडून नाकाशी धरली की पोतं ठेवायचं की परत पाठवायचं हे ठरलं. तिच्याशी हुज्जत घालायची कुणा व्यापाऱ्याची टाप नव्हती. नियम एकच, चुकारच्या बिया घाण्यात घालायच्या नाहीत. मागेल त्याला पेरायला द्यायच्या. इतकं फुकटचं तेल सोडणारी बाई वेडी, असं माझं मत होतं आणि मी ते बोलूनही दाखवायचो.

यंदा चुकारची मुळं घाण्याच्या फरशीखाली शिरली आणि यंत्र कललं. गवंडी म्हणाला, “झाड काढा, नाहीतर यंत्र हलवा. पण हलवणार कुठे?”

मागे एकच खोली होती, मामीची. मी म्हटलं, “मामी, झाडच काढू. घाणा बंद पडला तर खाशील काय?”

“तुझे मामा गेले, त्यांची खाट गेली, कपडे गेले,” मामी म्हणाली. “त्यांनी केलेली थट्टा तेवढी दारात उभी आहे. ती तोडू?”

मी गवंड्याला मागची खोली दाखवली.

यंत्र मामीच्या खोलीत गेलं आणि मामीचं अंथरूण पोत्यांच्या शेजारी. यंत्र बसवून झाल्यावर गवंड्याने हौसेने चुकारच्या मूठभर बिया आणल्या. तो त्या यंत्रात टाकणार, तोच मामीने त्याचं मनगट धरलं.

“याला नाही कामाला लावायचं.” तिने बिया त्याच्याच खिशात घातल्या. “घराजवळ पेरा. भिंतीपासून लांब मात्र.”

त्याच्या मागोमाग मीही हात पुढे केला.